पूर्वेस सरकारी तळे

गेल्या आश्विनात, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, आम्ही आमच्या मूळ गावी गेलो आणि गावच्या दोन तळ्यांना व मार्कंडेय नदीला वळसा घालून सुमारे तीन कोसांची पायपीट केली. ‘आम्ही’ म्हणजे प्रस्तुत लेखक एकटाच. तीस वर्षे पक्षकारांच्या वतीने ‘आमचे म्हणणे असे की’ लिहीत आल्यामुळे हे सर्वनाम हाडीमासी खिळले आहे. वाचकांनी ते चालवून घ्यावे. सोबतीला आमचे काका होते. त्यांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे, तरी बांधावरून चालताना मागे राहिलो ते आम्हीच. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, राकसकोप जलाशयाच्या बाजूला आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ज्या प्रकरणासाठी आम्ही गेलो त्याचा निकाल अद्याप लागायचा आहे आणि त्यात प्रतिवादीच्या जागी आमचेच घराणे उभे आहे.

प्रकरण एका कागदाचे. श्रावणात काकांच्या नावे एक नोटीस आली. ती संपूर्ण कन्नडमध्ये होती. काकांना कन्नड बोलता येते, बाजारापुरते आणि बैलांच्या व्यवहारापुरते तर फर्डे येते. वाचता मात्र येत नाही. त्यांनी पाटी हाती घेतली तेव्हा गाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा काका तिसरी-चौथीत असतील. शाळा तीच, मास्तर तेच, पुस्तकेही काही काळ तीच. वरचे राज्य तेवढे बदलले. पुढे शाळा सुटली आणि अक्षरओळख मराठीचीच राहिली. म्हणून नोटीस आल्यावर त्यांनी सरकारी कागदाशी जे नेहमी करतात तेच केले. घडी घालून देव्हाऱ्यातल्या गणपतीमागे ठेवली. गणेशचतुर्थीला देव्हारा धुवायला काढला तेव्हा ती सुनेच्या हाती लागली, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत म्हणणे मांडायची तारीख उलटून गेली होती.

अशा वेळी सीमाभागातल्या वकिलाच्या मनात काय येते ते येथील वाचकांना सांगायला नको. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणाही माणसाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे काका आपला अर्ज मराठीत खुशाल करू शकतात. परंतु त्यांना येणारा कागद मराठीत असावा, असे तो अनुच्छेद म्हणत नाही. हक्क आहे तो बोलण्याचा. ऐकू येण्याचा नव्हे. त्यासाठी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेतला पंधरा टक्क्यांचा नियम पाहावा लागतो: ज्या तालुक्यात किंवा नगरात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. हा नियम कितीदा अर्जांत लिहिला आणि कितीदा हसण्यावारी नेला गेला, याचा हिशेब आमच्या दप्तरात आहे. तेव्हा नोटीस हाती येताच कैफियतीचा पहिला परिच्छेद मनात तयारच झाला. मात्र आम्ही ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्यांचा एक दंडक होता, की जागा पाहिल्याशिवाय कैफियत लिहायची नाही. नोटीस एका तळ्याच्या काठाविषयी होती. म्हणून हा फेरफटका.

सकाळी सातला निघालो. गावाबाहेर पडताच थोरले तळे लागते. यंदा पाऊस भरपूर झाल्याने पाणी सांडव्याला टेकलेले होते. पांढरी कुमुदे अर्धवट उमललेली, एक खंड्या विजेच्या तारेवर, आणि काठाच्या दगडावर ढोकरी अशी निश्चल बसलेली की दगडाचाच भाग वाटावी. तळ्याच्या भरावावरून गाडीवाट जाते. काका मध्येच थांबून म्हणाले, “यंदा कोडी पडली बघ, तीनदा.” सांडव्यावरून पाणी वाहू लागणे याला ते ‘कोडी पडणे’ म्हणतात. पाणी सोडण्याच्या मोरीला ‘तूब’ म्हणतात. हे दोन्ही शब्द आम्ही लहानपणी मराठीच समजत होतो. कन्नडमध्ये सांडव्याला कोडी आणि मोरीला तूबु म्हणतात, हे आम्हांला धारवाडला कायदा शिकत असताना एका वर्गमित्राच्या गावी तळ्याकाठी उभे असताना कळले. ते आमचे शब्द कसे उच्चारतात म्हणून आम्ही चकित झालो होतो, आणि तो नेमका त्याच कारणाने आमच्याकडे पाहत होता.

तळे बांधणारा आणि पाण्याच्या पाळ्या लावणारा जो कोणी असेल त्याची भाषा पाण्याच्या शब्दांत उरते. बेळगाव तालुक्यात बेक्किनकेरे हे गाव आहे. मराठी बोलणारे, मराठी वाचणारे. त्याच्या नावाचा कन्नडमधला अर्थ ‘मांजराचे तळे’. केरे म्हणजे तळे, होळे म्हणजे नदी, हळ्ळ म्हणजे ओढा, कट्टे म्हणजे बांध. राकसकोपच्या नावात गावकऱ्यांना राक्षसाचा कोप ऐकू येतो, आणि त्यावर आजीच्या गोष्टीही आहेत. परंतु या बाजूच्या कित्येक गावनावांच्या शेवटी येणारा ‘कोप’ हा कन्नड ‘कोप्प’ आहे, आणि त्याचा अर्थ निव्वळ वाडी, वस्ती. आमच्या चळवळीतल्या काही मंडळींना असे काही लिहिले की अवघडल्यासारखे होते. हा पुरावा विरुद्ध पक्षाच्या हाती जाईल, असे त्यांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. गावाचे नाव कोणी ठेवले हा एक प्रश्न, आणि त्या गावातला माणूस आज आईशी कोणत्या भाषेत बोलतो हा अगदी वेगळा. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे, पहिल्यावर नाही. शिवाय अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडचे म्हणून पुण्यातल्या घरातून कोणी हाकलून दिलेले नाहीत.

बडोद्याच्या वाचकांना सुरसागर आठवेल, इंदूरच्यांना सिरपूर, हैदराबादच्यांना हुसेनसागर. गोव्यातल्या खाजनांच्या बांधांवर पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांना ‘मानस’ म्हणतात. तो शब्द आम्हांला फार आवडतो. आपण सारे परक्या म्हणवल्या जाणाऱ्या पाण्याच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेली माणसे, तेव्हा आपापल्या तळ्यांचे शब्द कोणी टिपून पाठवले तर बरे होईल.

थोरल्या तळ्याकडून उताराने नदीकडे गेलो. काका ओढ्याला ‘वडा’ म्हणतात आणि वड्याकाठच्या जमिनीला ‘वड्याचं रान’. या रानात तेव्हा रताळी काढायचे काम चालले होते. बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती रताळ्याला मानवते. नवरात्रात उपवासाला इकडचीच रताळी दूरवर जातात. वेल ओढून बांधावर रचलेले, मागे बायका कुदळीने माती उकरीत चाललेल्या. त्यांपैकी एकीने काकांना विचारले, “कुठं निघालाय सकाळी सकाळी?” काका म्हणाले, “वकिलाला तळं दाखवूलालोय.” त्यावर ती जे हसली त्याचा अर्थ त्या वेळी आमच्या ध्यानात आला नाही.

मार्कंडेय ही काही मोठी नदी नव्हे. खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरात उगम पावते, राकसकोपला अडवली जाते, मग कंग्राळी, कडोलीच्या शिवारांतून जाते, पुढे गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते आणि गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते. म्हणजे उगमाकडे तिला नदी म्हणणारी माणसे आणि मुखाकडे होळे म्हणणारी. मधल्या कोणत्या वळणावर ती एका भाषेतून दुसरीत जाते ते कोणत्याही आयोगाला दाखवता येणार नाही. जुलै-ऑगस्टात ती भातशेतांत शिरते, रोपे कुजतात, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. आश्विनात मात्र अगदी शहाण्यासारखी वागते. पात्रात मधोमध खडक उघडे पडले होते, काठाला करंज आणि उंबर, आणि पाणी इतके स्वच्छ की तळाची वाळू मोजावी. काकांनी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरून तोंड धुतले, दोन ओंजळी प्यायले. आम्ही बाटलीतले पाणी प्यालो. तेही बेळगावच्या नळाचे, म्हणजे हेच.

पलीकडच्या टेकाडावरून राकसकोपचे पाणी दिसते. साठच्या दशकाच्या आरंभी बांधलेला हा जलाशय बेळगावची तहान भागवतो. पावसाळ्यात शहरातली माणसे पंचांग पाहावे तशी रोज वर्तमानपत्रात त्याची पातळी पाहतात; २४७५ फूट भरला, दरवाजे उघडले, की शहर सुटकेचा श्वास सोडते. जलाशयाच्या पलीकडे चंदगड तालुक्यातले तुडये, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या एक आत्या तुडयेला दिलेल्या. लग्नाचे वऱ्हाड बैलगाड्यांतून गेले तेव्हा आपण राज्य ओलांडतो आहोत हे कोणाच्या गावीही नव्हते. आता त्यांच्या मुलांच्या शेताचा सातबारा मराठीत निघतो आणि काकांची पहाणी कन्नडमध्ये. मधले पाणी दोघांच्या नजरेला सारखेच पडते. टेकाडावर बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि परतीची वाट धाकट्या तळ्यावरून धरली.

येथे कागदांविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमच्या घरी या जमिनीचे तीन कागद आहेत. पहिला मोडीतला, तो एका मोडी वाचणाऱ्या स्नेह्याकडून लावून घेतला. दुसरा मुंबई इलाख्याच्या काळातला, बालबोध मराठीतला. तिसरा वडील आणि काका वेगळे झाले तेव्हाचे वाटणीपत्र, कन्नडमध्ये. तिन्हींत चतुःसीमा दिलेल्या आहेत. तिसऱ्यात तिला ‘चक्कुबंदी’ हा शब्द आहे. मोडी कागद म्हणतो, ‘पूर्वेस तळे’. दुसरा म्हणतो, ‘पूर्वेस सरकारी तळे’. तिसरा म्हणतो, ‘पूर्वक्के सरकारी केरे’. लिपी दोनदा बदलली, भाषा एकदा, राज्ये तर कितीतरी. तळे जागचे हलले नाही. निदान कागदावर.

धाकट्या तळ्यापाशी पोचलो आणि क्षणभर तळे कोठे आहे तेच कळेना. लहानपणी आम्ही ज्यात डुंबलो त्याच्या जागी लव्हाळ्यांचा एक पट्टा आणि मध्ये हातभर पाणी. त्याच्या पश्चिम कडेला आमचे भात, लोंब्या भरून वाकलेले, नजर लागावी असे. भात आणि लव्हाळे यांमध्ये एक नीट, रुंद, दरवर्षी माती ओढलेला बांध. आम्ही नोटीस काढली आणि बांधावर बसून ती काकांना मराठीत सांगितली. मजकूर असा होता की, अमुक सर्व्हे नंबरच्या खातेदाराने लगतच्या सरकारी तळ्याच्या क्षेत्रात बांध घालून पीक केले आहे. ते का काढू नये याचा खुलासा करावा. काकांनी सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “खोटं काय न्हाई की मग.”

आम्ही काही बोलायच्या आत ते उठले, भातात शिरले आणि लोंब्या दोन्ही हातांनी बाजूला करीत पश्चिमेकडे चालू लागले. एका जागी वाकून त्यांनी गवत उपटले. खाली हद्दीचा दगड होता. मोजणीवाल्यांनी रोवलेला, वरची खूण झिजलेली, पण जागचा न हललेला. तेथून बांधापर्यंत आम्ही पावले मोजली. बत्तीस भरली.

हे कसे झाले तेही त्यांनी तेथेच उभ्या उभ्या सांगितले. पूर्वी तळ्याच्या तुबातून पाणी घ्यायचे असे, म्हणून चैत्र-वैशाखात सारा गाव गाळ काढी. तो गाळ ज्याच्या त्याच्या शेतात जाई, खताची सोय होई. मग विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. तुबाची गरज संपली, गाळ काढणे थांबले, तळे उथळ होत गेले. उन्हाळ्यात पाणी मागे सरे तेव्हा ओल धरलेल्या जमिनीत काकांनी प्रथम वांगी-मिरची लावली. त्या भाजीला गुरे येऊ नयेत म्हणून एक लहानसा बांध घातला. पुढच्या साली पाणी त्या बांधाबाहेरच थांबले. मग भात. “पाणी माघारी गेलं, तसा मी फुडं गेलो. एकदम न्हाई. वर्साला दोन पावलं.” रताळी काढणारी बाई का हसली ते आता आम्हांला समजले. गावात हे सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त वकिलाला.

आणि मग ते म्हणाले, “मी बांध सरकिवलो.”

येथे भाषेचा अभ्यासक नसलेल्या, पण भाषेच्या खटल्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला थोडे थांबावेसे वाटते. प्रमाण मराठीत हे वाक्य ‘मी बांध सरकवला’ असे होते. त्यातले क्रियापद बांधाला धरून चालते. बांध पुल्लिंगी म्हणून ‘सरकवला’, भिंत असती तर ‘सरकवली’. कर्ता बाजूला उभा राहतो, क्रियापदावर त्याची खूण नसते. आमच्या बेळगावी बोलीत मात्र ‘मी काम केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याला धरते, आणि शेजारधर्माने ती रीत आमच्यात आली आहे. पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पिढीची या ‘केलो’वरून पुष्कळ थट्टा झाली आणि आम्ही ती बोली प्रयत्नपूर्वक जिभेवरून घालवली. काका मात्र तीच बोलतात. जबाब नोंदवताना कारकून त्यांचे वाक्य सुधारून ‘माझ्याकडून बांध सरकवला गेला’ असे लिहील, ही आमची खात्री आहे. आम्हीही तसेच लिहिले असते. काका म्हणाले ते तसे नव्हते. क्रियापद त्यांनी बांधाकडे जाऊच दिले नाही.

कायदा काय म्हणतो ते आम्हांला पुस्तक न उघडता ठाऊक होते. २०११ साली जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांवरची आणि सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे, कितीही जुनी असोत, नियमित करून देण्यास नकार दिला आणि ती हटवण्याच्या योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. दुसऱ्या एका गावाच्या तळ्यासाठी आम्ही स्वतः हा निकाल वाचून दाखवला आहे, तोही जरा आवाज चढवून. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एकाचे नाव मार्कंडेय होते, आणि त्या दिवशी नदीवरून येताना ही गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही.

घरी परतून आम्ही नोटीस मेजावर पसरली. आमच्या तरुण सहकाऱ्याचे म्हणणे सरळ होते: पक्षकाराला न समजणाऱ्या भाषेत नोटीस दिली, म्हणून बजावणीच सदोष, एवढ्यावर मुदत मिळेल, वर अपील, त्यावर आणखी काही, आणि तोवर आठ-दहा भातपिके निघतील. वकील म्हणून त्याचे काही चुकले नव्हते. आम्हांला मोह झाला, हे कबूल करतो. एक रात्र आम्ही त्या मोहाजवळ बसलो. सदोष नोटिशीची तक्रार शंभर टक्के खरी होती. आणि नोटिशीतला मजकूरही शंभर टक्के खरा होता. इतकी वर्षे आम्ही असे धरून चाललो होतो की जो कागद आमच्या भाषेत येत नाही त्याच्या पोटात काही अन्याय असणारच. पुष्कळदा असतोही. या खेपेस अन्याय फक्त लिफाफ्यावर होता.

शेवटी अर्जाचे दोन भाग केले. पहिल्यात नोटीस मराठीत न दिल्याची तक्रार, पंधरा टक्क्यांच्या नियमाचा हवाला देऊन, नेहमीपेक्षा थोडी अधिक सविस्तर. दुसऱ्यात हद्दीच्या दगडापासूनचे अंतर, बांध आपणच घातल्याची कबुली, आणि सरकारी मोजणी करून तळ्याची हद्द कायम करावी अशी विनंती. पहिल्या भागाने दुसऱ्याला बाध येत नाही आणि दुसऱ्याने पहिल्याला, एवढे एक वाक्य मध्ये घातले. अर्ज मराठीत लिहिला, सोबत कन्नड भाषांतर जोडले. सही घ्यायला गावी गेलो तेव्हा काकांनी चष्मा लावून मराठी प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवीत वाचली. दुसऱ्या भागावर बोट थांबले.

“हितं ‘सरकवला’ लिवलायस.”

आम्ही म्हटले, अर्जात तसेच लिहायची रीत आहे.

“बरं,” ते म्हणाले आणि सही केली. मग कागद परत देता देता म्हणाले, “भात कापून घेऊ दे म्हणावं त्यांना. पंधरा दिसांत हुतंय. मग कुणी यायला नको, बांध मी फोडतो.”

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जाऊन आलो. भात कापलेले होते. बांधाला दोन जागी खिंडार पाडलेले दिसले, आणि त्यातून लव्हाळ्यांतले हातभर पाणी धसकटांत शिरून दगडाच्या दिशेने चार-पाच पावले आत आले होते. मोजणीची तारीख अजून यायची आहे.